चौदा नंबरचे नऊशे चाळीस ठोके

ठोकेकाकांना ते इंजिन मुळीच आवडत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेडमधल्या हौशी मंडळींची समजूत नेमकी उलटी होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दर रविवारी गुडघे चोळत चौदा नंबरच्या पोटात शिरतो आणि दोन-दोन तास आत बसून राहतो, तो काय उगाच? "भक्ती आहे हो, भक्ती!" असं दाताचे डॉक्टर येईल त्याला सांगत. हे डॉक्टर म्हणजे जुनं इंजिन जपणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावायचं आणि रविवारी ड्रायव्हरची टोपी घालून इंजिनाच्या जबड्यात, असा त्यांचा क्रम. खरी गोष्ट एवढीच होती की काकांना आत बरं वाटे, कारण आत कोणी बोलायला येत नसे.

आणि बोलणं हीच अलीकडे काकांची मोठी अडचण होऊन बसली होती.

घरी काकू बोलत. काकूंचं बोलणं सकाळी दूध उतू जायच्या सुमाराला सुरू होई आणि दिवा मालवला की थांबे. त्यावर काका "हं" म्हणत. पूर्वी हे "हं" ते ऐकून, विचार करून आणि नाइलाजानं म्हणत. गेली दोन-तीन वर्षं ते नुसतेच म्हणत होते. एका "हं"मुळे काकूंची धाकटी बहीण तीन आठवडे राहून गेली. दुसऱ्या "हं"मुळे शेजारणीच्या मांजरीची दोन पिल्लं घरात आली, ती अजून आहेत. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात मागून चढता चढता आईच्या आजारपणाची इत्थंभूत कहाणी सांगितली. काका प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "हं. छान, छान!" काकूंना दोनदा वर जाऊन सारवासारव करावी लागली.

कानाचं म्हणाल तर त्यात नवल काहीच नव्हतं. बॉयलरच्या कामातला कुठला माणूस धड ऐकतो? लोखंडी पिंपात बसून चाळीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटायचं, तर कानांनी तरी किती सोसावं? कारखान्यात बॉयलरवाल्याचं लग्न ठरलं की बायका नव्या सुनेला सांगत, "बाई गं, भांडायचं असलं तर समोर उभी राहून भांड. पाठीमागून बोललेलं सगळं फुकट जातं." काकूंनी हा सल्ला मनावर घेतला आणि बेचाळीस वर्षं प्रत्येक भांडण समोर उभं राहूनच केलं.

पण काकांचा कान साधा नव्हता. त्या कानावर त्यांचं नाव चाललं होतं. खरं नाव विचाराल तर शेडमध्ये कुणाला धड आठवायचं नाही. ठोकेकाका म्हटलं की झालं.

त्यांचं काम असं. वाफेच्या इंजिनात आग पेटते त्या पेटीला दोन भिंती असतात, एकात एक. दोन भिंतींमध्ये वीतभर जागा, तिथं पाणी. वाफ धरली की ते पाणी आतली भिंत चेपायला बघतं. ती चेपू नये म्हणून दोन्ही भिंतींना धरून ठेवणाऱ्या आडव्या सळया असतात, अंगठ्याएवढ्या जाड. त्यांना म्हणतात स्टे. चौदा नंबरच्या पेटीत असे स्टे नऊशे चाळीस. एखादा तुटला तर बिघडत नाही, शेजारचे त्याचा भार उचलतात. पण एके ठिकाणचे आठ-दहा तुटले तर मग भिंत कुणाच्या भरवशावर उभी राहणार? आणि भिंत गेली की इंजिनावर उभ्या असलेल्या माणसांचं काय होतं, ते काकांनी एकदा, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. काकूंशीसुद्धा नाही.

तुटलेला स्टे डोळ्यांना दिसत नाही. नंतरच्या इंजिनांत स्टेला बारीक भोक ठेवत. तो तुटला की भोकातून पाणी ठिबके आणि चुगली होई. या जुन्या जातीत ती सोय नव्हती. इथं एकच उपाय. आत बसायचं, एकेका स्टेच्या डोक्यावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. चांगला स्टे "टण्ण" म्हणतो, तुटलेला "ठप्प." काकांना हे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा एक कडक नियम होता: तपासताना आसपास दुसरं माणूस नको. एक शब्द कानात शिरला तरी पुढचे दहा ठोके वाया. तो नियम काकांनी जन्मभर पाळला. आणि तोच नियम शेवटी त्यांच्या अंगाशी आला.

आता या जातीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर भूगोलाच्या बाई रागावतील. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंडळाची इतिहासाची वही बाईंकडे. तेलाचा डाग अंगाला न लावता इंजिनाची इतकी माहिती जमवणारी व्यक्ती दुसरी नसेल. बाईंच्या वहीप्रमाणे ही इंजिनं एकूण बावीस, खास मेल गाडीसाठी बांधलेली. पहिलं कारखान्यातून बाहेर पडलं त्याला यंदा ऐंशी वर्षं होत होती. मोठी चाकं सहा, प्रत्येक काकांच्या टाळूपेक्षा चार बोटं उंच. म्हणून कामगारांनी यांचं नाव ठेवलं उंच टाचेच्या. वागणंही तसंच. चढावर रुसायच्या, सपाटीवर उडायच्या, आणि सकाळच्या गारठ्यात निघताना पाय घसरल्यासारखी चाकं गरकन फिरवायच्या, की सारा फलाट वळून बघे.

बाईंच्या वहीत नसलेलंही पुष्कळ आहे. नऊ नंबर एका विशिष्ट छोट्या स्टेशनावरच वारंवार "नादुरुस्त" व्हायची, आणि त्या स्टेशनमास्तरच्या मुलीशी नऊ नंबरच्या ड्रायव्हरचं पुढं लग्न झालं. बाई म्हणतात, याला पुरावा नाही. काका म्हणत, "पुरावा कसा नाही? तिचा बॉयलर मी सात वेळा तपासला. काडीचं दुखणं नव्हतं. लग्नानंतर एकदाही थांबली नाही बघा तिथं."

मग डिझेल आलं आणि उंच टाचेच्या एकेक करून कारखान्यामागच्या आवारात रांगेनं उभ्या राहिल्या. त्यांना तोडायचं कामही काकांच्याच पाळीला आलं. बावीसपैकी नऊ त्यांनी स्वतःच्या हातांनी गॅसनं कापल्या. ज्यांचे स्टे बदलून बदलून कंबर गेली, त्याच. बाईंनी एकदा वही पुढ्यात घेऊन, पेन सरसावून विचारलं होतं, "काका, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

काका बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "ऊन फार होतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

चौदा नंबर वाचली ती काही पराक्रमामुळे नव्हे. डबे धुवायच्या शेडला गरम पाणी हवं होतं, म्हणून तिला तिथं नेऊन उभी केली. मेल ओढणारी राणी अकरा वर्षं पाणी तापवायचा बंब होऊन राहिली. पुढं तीही गरज संपली, गवतात गेली, आणि मग डॉक्टर आणि त्यांची मंडळी तिला शोधत आली. काका निवृत्त झाले त्याच वर्षी मंडळी त्यांच्याकडे आली. "तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे?" काका तेव्हाच दमलेले होते. पण "नाही" म्हणायला जी ताकद लागते, ती दमलेल्या माणसात कुठून असणार? ते "हं" म्हणाले. तेव्हा ऐकून म्हणाले होते.

आता बारा वर्षं चौदा नंबर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या फाट्यावर चार डबे घेऊन धावत होती. दरवर्षी काका नऊशे चाळीस ठोके मारत. नऊशे चाळीस गोल छापलेल्या कागदावर एकेक खूण करत आणि खाली सही. तपासनीस साहेब येत, बाकी सगळं स्वतः बघत, आणि स्टेंपाशी आले की कागद हातात घेऊन म्हणत, "काकांची सही आहे ना? मग प्रश्न मिटला."

यंदाही तेच ठरलं होतं. गुरुवारी साहेब, रविवारी ऐंशीचा सोहळा. डब्यांतल्या जागा केव्हाच भरल्या होत्या, त्यातले दोन डबे शाळेच्या मुलांचे.

आधीच्या रविवारी डॉक्टर टोपी सावरत म्हणाले, "काका, तुमचं आणि माझं काम एकच बघा. मीपण दातावर टकटक करतो."

"तुमचा दात ओरडतो," काका म्हणाले. "माझा ओरडत नाही."

सगळे हसले. काका आत शिरले, दिवा टांगला आणि पहिल्या ओळीला लागले. पहिला ठोका. दुसरा. दहावा. चाळीसाव्याला त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली.

सगळे "ठप्प" म्हणत होते.

हे त्यांना नवीन नव्हतं, हीच तर मेख होती. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. समोरून बोललेलं माणसाचं बोलणं त्यांना अजून कळे. मोटारीचा घरघराट कळे. पण आवाजाचं ते वरचं, काचेसारखं टोक कधीतरी गपचूप निघून गेलं होतं. गेल्या वर्षी नऊशे चाळीसच्या नऊशे चाळीस स्टे मातीच्या मडक्यासारखे वाजले. काकांनी आत बसून विचार केला होता: एवढे सगळे एकदम तुटतील कसे? तुटले असते तर इंजिन उभंच राहिलं नसतं. म्हणजे कुठलाच तुटलेला नाही. असा हिशेब फक्त बॉयलरवालाच करू शकतो. त्यांनी सगळ्या गोलांत खुणा केल्या आणि सही केली.

आणि वर्षभर गाडी धावली. काहीच झालं नाही. म्हणून यंदाही करता आलं असतं.

घरी आल्यावर काका वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसले. काकूंनी मागून विचारलं, "झालं का काम?" उत्तर नाही. "चहा?" "हं." "विष?" "हं."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्याचं झाकण घेऊन आल्या. खुर्चीमागं उभं राहून त्यांनी ते फरशीवर सोडलं. दोन्ही पिल्लं पलंगाखाली पळाली, काकांनी पान उलटलं. काकूंनी त्याहून मोठं झाकण सोडलं. मग परात. शेजारीण दारात येऊन, "सगळं ठीक ना? भांडण वगैरे..." असं चाचरत विचारू लागली. तिला वाटेला लावून काकू समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर्तमानपत्र काढून घेतलं.

"परात पडली."

"कुठं?"

"तुमच्या मागं. मला इतके दिवस वाटायचं माझंच बोलणं तुम्हाला नको झालंय. ते मी चालवून घेतलं असतं. पण परातीशी तर तुमचं वैर नाही ना?"

काकांनी मागं वळून फरशीवरची परात पाहिली.

"शेडमध्ये माहीत आहे?"

"नाही."

"मग आज काय तपासलंत?"

काका खिडकीकडे बघू लागले. काकूंनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "माझ्याकडे बघा. आणि गेल्या वर्षी?"

मग काकांनी सांगितलं. सगळा हिशेब, मडक्यासकट. सांगून झाल्यावर खुर्चीत आणखी खाली सरकले, जणू अंगातला एकेक स्टे ढिला होत होता.

"आता सांगितलं, तर गेल्या वर्षीची सही खोटी ठरते," ते म्हणाले. "नाही सांगितलं, तर रविवारी दोन डबे पोरं. मी दमलोय गं. मला वाटत होतं, एखाद वर्षी इंजिनच म्हणेल, पुरे."

"इंजिन कसलं म्हणतंय! ते तुमच्यासारखंच आहे. मंगळवारी शेडला कुणी असतं?"

"कुणी नाही."

"माझे कान कसे आहेत?"

हा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती. काकूंना दोन भिंतींपलीकडे नवराबायको कुजबुजले तर विषयासकट कळे. गल्लीतली निम्मी लग्नं ठरायच्या आधी काकूंना माहीत असत.

मंगळवारी सकाळी म्हाताऱ्या मिस्त्रीचा नियम मोडला. काका आत बसले, आणि काकू आगीच्या तोंडाशी बाहेर स्टूल टाकून, हातात बॅटरी घेऊन. काकूंनी काही सांगितलं तरी आत ऐकू येणार नाही, म्हणून ठरलं ते असं: आवाज बिघडला की बॅटरी लावायची. आधी काकांनी एक जुना तुटका स्टे आणि एक चांगला दोन्ही बाहेर वाजवून दाखवले.

"अगदीच सोपं आहे," काकू म्हणाल्या. "तुमची आई आणि माझी आई."

"कुणाची कुठली?"

"मारा हातोडी."

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. अंधारच. काकांना वाटलं, काकूंना डुलकी लागली असेल, म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून. जन्मभरात त्या इतका वेळ गप्प बसलेल्या काकांनी पाहिल्या नव्हत्या. तीनशेच्या पुढं कुठंतरी एकदा प्रकाश पडला. काकांनी खडूनं फुली मारली. सहाशेच्या आसपास दुसरा. दोन म्हणजे काहीच नाही. काकांच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

मग ते पुढच्या बाजूच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आले. ठोका मारला, प्रकाश. शेजारचा, प्रकाश. वरचा, प्रकाश. काकूंनी मधे बॅटरी विझवून पुन्हा लावली, चूक नको म्हणून. पुन्हा मारा, असा हात केला. काकांनी पुन्हा मारले. त्या कोपऱ्यात एकाला एक लागून नऊ फुल्या झाल्या. पुढं पुढं काकूंनी बॅटरी विझवलीच नाही.

बाहेर आल्यावर काका रुळावर बसले.

"हे एका वर्षातलं नाही," ते म्हणाले. "निदान तीन-चार तरी गेल्या वर्षीचे."

काकूंनी पदरानं त्यांच्या कपाळावरची काजळी पुसली. "चला. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो."

डॉक्टरांच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ तोंड वासून पडले होते. डॉक्टर त्यांच्या दाढेवर टकटक करत होते. काका चपला न काढताच आत गेले.

"रविवारी इंजिन पेटवू नका."

"काका! बसा बाहेर, आलोच दोन मिनिटांत."

"अकरा तुटलेत. नऊ एका कोपऱ्यात. मला गेल्या वर्षीच ऐकू येत नव्हतं. तरी मी सही केली."

डॉक्टरांचा हात दाढेवरच थांबला. खुर्चीतल्या गृहस्थांचे डोळे काकांकडून डॉक्टरांकडे आणि परत असे फिरत राहिले. तोंड मिटायची परवानगी त्यांना कुणी दिली नव्हती.

"गेल्या वर्षी," डॉक्टर हळू म्हणाले, "माझी नात पहिल्या डब्यात होती."

त्यांचे ओठ काकांना नीट दिसले. "माहीत आहे. मीच तिला उचलून चढवलं होतं."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. शेवटी डॉक्टर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आता यंत्र मिळतं. भिंतीला लावायचं, आतलं सगळं कागदावर येतं. तपासनीस साहेब दोन वर्षं म्हणत होते, घ्या."

"मग घेतलं का नाही?"

"तुम्ही होतात ना."

काकांना कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी पाहुणे आले, मुलंही आली. चौदा नंबर घासूनपुसून उभी होती, थंड. फलकावर बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणामुळे आज इंजिन धावणार नाही.' तेच वाक्य बाई वहीत उतरवत असताना काका समोर येऊन उभे राहिले.

"बाई, तसं नको."

"अहो काका, सगळीकडे असंच लिहितात."

"लिहा की तपासणाऱ्याला ऐकू येत नव्हतं, ते त्यानं वर्षभर लपवलं. तारखेसकट लिहा."

"हे कशाला वहीत?"

"बाई, बावीस इंजिनांचं बारीकसारीक लिहिलंत. नऊ नंबरचं पुरावा नाही म्हणून सोडलंत. याला पुरावा आहे. माझी सही आहे."

बाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं. दोनच ओळी झाल्या. काकांनी त्या वाचून पाहिल्या, मान डोलावली आणि खाली सही केली. मग खिशातून हातोडी काढून टेबलावर ठेवली. दांडा हाताच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला होता. बाईंनी विचारलं नाही, मनात काय आलं म्हणून.

डॉक्टर लांब उभे होते. टोपी घातली नव्हती. काका जवळून गेले तेव्हा ते काहीतरी म्हणाले, बाजूनं. काकांना कळलं नाही आणि सवयीनं "हं" ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ऐकू आलं नाही, डॉक्टर. समोर येऊन बोला."

डॉक्टर समोर आले. "म्हटलं, सोमवारी कान तपासायला घेऊन जातो तुम्हाला. माझा मित्र आहे. त्याच्याकडेही ठोकाठोकीच असते."

"सोमवारी नको," काका म्हणाले. "सोमवारी झोपणार आहे."

घरी जाताना काकू नेहमीप्रमाणे डाव्या हाताला चालत होत्या आणि बोलत होत्या. वरच्या मजल्यावरच्यांचं, बहिणीचं, पिल्लांचं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी केस रंगवलेले आहेत, हेही त्यात असावं. काका अर्धा रस्ता तसेच चालले. मग थांबले, वळून काकूंच्या समोर आले आणि त्यांचा चेहरा निरखत म्हणाले, "काय म्हणालीस? परत सांग. मला काही ऐकू आलं नाही."

काकू एकदम गप्प झाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कानांवर आलं, आणि आता परत काय सांगायचं ते आठवेना.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "दमलात, असं म्हटलं."

"हो," काका म्हणाले. "दमलो."